तुंगक्का आणि पंधरावा थर

तुंगक्काचे हात बाराही महिने थंड असायचे. अगदी एप्रिलातसुद्धा. मला तिचा पहिला हेवा वाटला तो याच कारणाने. पुण्याहून एम.टेक. होऊन आलेल्या, स्वतःला फार शहाणी समजणाऱ्या बाईने दुसरीच्या तळव्यांवर जळावं, हे तेव्हा मला अजिबात हास्यास्पद वाटलं नाही. आता सत्तरी उलटल्यावर वाटतं, आणि त्या चाळिशीतल्या बाईला समोर बसवून दोन शब्द सुनवावेत असंही वाटतं. पण ती ऐकायची नाही. मी ओळखते तिला.

हातांचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. बेंगळुरूच्या ज्या प्रयोगशाळेत आम्ही होतो तिथे अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणींसाठी आरसे करून बघायचं काम चालू होतं. काचेचा आरसा जड, आणि वर पाठवताना ग्रॅमग्रॅमसाठी भांडणं होतात. म्हणून आमचे आरसे कार्बनच्या धाग्यांचे. केसाहून बारीक काळे धागे, सगळे एका दिशेने, चिकट राळेत बसवलेले, असा पातळ काळा पत्रा गुंडाळीने यायचा. त्याचे तुकडे घासून गुळगुळीत केलेल्या काचेच्या साच्यावर एकावर एक लावायचे, प्रत्येक थराचे धागे वेगळ्या कोनात. असे सोळा थर झाले की दाबाच्या भट्टीत घालून शिजवायचे. बाहेर येते ती चकचकीत काळी थाळी, हातात घेतली तर रिकामी वाटावी इतकी हलकी.

त्या थाळीकडून अपेक्षा एकच: जशी आहे तशी राहा. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला काळोख आणि थंडी, तरी आकार बदलायचा नाही. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकाही नाही. हे माणसांना जमत नाही. माझं वजन तर दिवाळीला बदलतं.

तर, ते थर लावताना हात गरम असले की राळ मऊ पडते, पत्रा बोटांना चिकटतो, धागे सरकतात. हातमोजे घातले तरी माझे तळवे आतून पाझरायचे. तुंगक्का मात्र पत्रा असा उचलायची, जसं वाळत घातलेल्या साडीचं टोक उचलावं.

तिचं नाव तुंगभद्रा राव. घराणं मराठी, पण बेंगळुरूला येऊन तीनशे वर्षं झालेलं. पदरी एक डिप्लोमा आणि सगळ्यांच्या तोंडी ‘तुंगक्का’. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. मी डिझाइन करणार, ती थर लावणार, अशी विभागणी होती. म्हणजे मी कागदावर, ती साच्यावर. पहिल्याच आठवड्यात ती दारातून म्हणाली, “मॅडम, मी आलो.” मी लगेच सुधारलं. “आलो नाही तुंगक्का, बाई असेल तर ‘आले’.”

तिने शांतपणे केसांतला मोगरा काढला आणि म्हणाली, “तुमचं मराठी काल गाडीतनं उतरलेलं आहे हो. आमचं येऊन तीनशे वर्षं झाली. स्वल्प भिजलं असेल इथल्या पाण्यात.”

तो मोगरा ती थर लावायच्या आमच्या स्वच्छ खोलीत नेत नसे. खोलीच्या बाहेर खुंट्या होत्या. त्यातली एकही तिच्या नावाची नसल्यासारखी ती गजरा नेमका माझ्या कोटावर अडकवायची. संध्याकाळी जयनगरला घरी गेले की कोटाच्या वासावरून नवरा म्हणायचा, “आज तुंगक्काने थर लावले वाटतं.” पुढे एकदा जेवताना तो शांतपणे म्हणाला, “तू गेली चाळीस मिनिटं तिच्याबद्दल बोलतेयस. एवढं तू लग्न ठरल्यावर माझ्याबद्दलही बोलली नव्हतीस.” मी आमटीचं पातेलं आदळलं. तेच एक उत्तर सुचलं.

थर लावायच्या दिवशी ती केसांना तेल लावायची नाही. तेलाचं एक बोट लागलं तरी थर एकमेकांना धरत नाहीत. कोरड्या केसांनी ती घरातून निघाली की तिची आई शेजारणीला सांगायची, आज हिचा आरसा आहे. काळ्या पत्र्याची गुंडाळी शीतपेटीतून काढली की पिशवी उघडायला ती कुणाला द्यायची नाही. तशीच ठेवायची, आणि दर थोड्या वेळाने पिशवीला गाल लावून बघायची. गार लागली तर अजून वेळ आहे. गार पत्रा हवेत उघडला तर त्यावर दव धरतं. मी भिंतीवर तापमानाचा तक्ता लावला होता, रंगीत. तिने तो कधी वाचला नाही, आणि तिच्या पत्र्यावर कधी दव धरलं नाही.

बोलणं मराठीत, मोजणं मात्र कन्नडमध्ये. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पांढरा कागद असतो. त्यावर ती शिसपेन्सिलीने क्रमांक घालायची आणि बाण काढायची. तुकडा साच्यावर बसवायचा, वरून पट्टीने कागद घासायचा, म्हणजे खालची हवा निघून जाते, आणि मगच कागद सोलायचा. सोललेला कागद टेबलाशेजारच्या खिळ्यावर. शेवटी सगळे कागद मोजायचे. एखादा कागद थरांच्या आत राहून शिजला तर आरसा कचऱ्यात, म्हणून. मोजून झाले की ती “हदिनारू!” म्हणायची, म्हणजे सोळा, आणि त्याशिवाय भट्टीचं दार उघडत नसे. आमचे विभागप्रमुख शेषाद्री सर तेवढं ऐकायला काचेबाहेर येऊन उभे राहायचे. माझी पन्नास पानी आकडेमोड ऐकायला ते कधी उभे राहिले नाहीत. बसूनही ऐकली नाही.

दुसऱ्या आरशाच्या वेळची गोष्ट. आरसा छान झाला, मोजला, पेटीत ठेवला. जूनमध्ये परत मोजला तर आकार सरकलेला. ऑगस्टात आणखी. मी दोन आठवडे गणित केलं. तापमान, आधाराच्या खिळी, यंत्राची चूक, सगळं तपासलं. तुंगक्का माझ्या खुर्चीमागून म्हणाली, “सादळलाय, मॅडम.”

“काय?”

“पापड सादळत नाही काय पावसाळ्यात? तसा. राळ पाणी पिते हवेतनं. फुगलाय.”

मी म्हटलं, “तुंगक्का, हा पापड नाही.”

ती “सरी” म्हणाली. तिच्या ‘सरी’चा अर्थ ‘ठीक आहे’ असा होतो, पण तो ‘तुमच्याशी कोण डोकं लावणार’ असाही होतो. नंतर कळलं की आरशाबरोबरच शिजवलेली एक चिंचोळी पट्टी ती त्याच पेटीत ठेवून रोज सकाळी वजन करत होती. वजन वाढत होतं. पाऊस ओसरल्यावर पट्टी आणि आरसा दोन्ही कोरड्या हवेच्या कपाटात ठेवले, तेव्हा पट्टीचं वजन उतरलं आणि आरसा जागेवर आला. अवकाशात तर हवाच नाही. तिथे तो आणखी सुकणार, आणखी आकसणार. म्हणजे इथे जमिनीवर दमट आरसा अचूक करून काही उपयोग नव्हता. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. पुस्तकात होतंही. पण पुस्तकात पापड नव्हता.

मी त्यावर लेख लिहिला. नऊ शब्दांचं नाव दिलं. तुंगक्काचे आभार मानले, तळटीपेत, बारीक अक्षरात. आणि लोकांनी काय उचललं? शेषाद्री सर, जन्म तमिळ घरात, मराठीचा एक शब्द येत नाही, ते रोज सकाळी केबिनमध्ये डोकावून विचारायचे, “दीक्षित मॅडम, सादळ्ळा?” माझं नऊ शब्दांचं नाव मलाही आता आठवत नाही.

आता तिसरा आरसा. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले, आणि मघापासून मोगऱ्याभोवती घुटमळतेय.

तिसरा आरसा टिकला तर चौथा खरोखर वर जाणार होता. नाही टिकला तर समिती कार्बनचं काम बंद करून काचेकडे वळणार, हे जवळपास ठरलेलं होतं. त्या दिवशी थर चालू असताना बाहेरून पाहुणे आले. शेषाद्री सर काचेतून तुंगक्काकडे बोट दाखवून म्हणाले, “हे आमचे हात.” मग मी शेजारी उभी आहे हे लक्षात येऊन म्हणाले, “आणि या मॅडम ड्रॉइंग करतात.”

ड्रॉइंग! जशी मी रांगोळीच काढत होते!

पाहुणे गेले आणि तासाभरात तुंगक्काला घरून फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. बारा थर झाले होते, चार उरले होते. तिने साच्यावर प्लास्टिक घातलं, कडा दाबल्या आणि मला म्हणाली, “मॅडम, राळेला अजून पुष्कळ तास आहेत. दवाखान्यात सोडून मी आलोच. कुणी हात लावू नका.”

‘कुणी’ म्हणजे कोण? खोलीत मीच होते.

ती गेली. मी दहा मिनिटं थांबले असेन. मग टोपी घातली, मोजे चढवले, आणि आत गेले. चार तर थर! ज्या कोनांत ते लावायचे ते कोन मीच ठरवलेले. माझ्याच आरशाला मी हात लावू नये? तळवे पाझरत होते. तेरावा बसवला, घासला, सोलला. चौदावाही. पंधराव्याला मोज्याला पत्रा चिकटला, मी तो सोडवला, परत उचलला, बसवला. सोळावा लावला. खिळ्यावरचे कागद मोजले, सोळा भरले. तिच्यासारखं “हदिनारू” म्हणायचा मोह झाला. म्हटलंसुद्धा, हळूच. कुणी ऐकलं नाही म्हणून थोडं वाईट वाटलं.

तुंगक्का परत आली. आईच्या मनगटाला प्लास्टर घालून, घामाघूम. मी म्हटलं, “झालं सगळं. अडलं नाही काही.” तिने कागद पुन्हा मोजले. थरांच्या कार्डावर सही करायची परवानगी फक्त तिला होती, म्हणून मीच म्हटलं, “नियम आहे, तुम्हीच करून टाका.” तिने सोळाही ओळींवर सही केली.

आरसा भट्टीतून निघाला आणि मोजायच्या यंत्राखाली ठेवला तर घोड्याच्या खोगिरासारखा पिळलेला. खोलीचं तापमान दोन अंशांनी वाढवलं की पीळ आणखी वाढायचा. म्हणजे ज्याने जन्मभर हलायचं नव्हतं तो श्वास घेतल्यासारखा हलत होता. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? सांगायला लाज वाटते, पण सांगते: चला, चुकली एकदाची! मी अहवालात लिहिलंसुद्धा, ‘थर लावताना हाताची चूक संभवते’. हात म्हणजे तिचेच, असं मनोमन धरून. स्वतःचे चार थर मी इतक्या सफाईने विसरले होते, की एखाद्या मंत्र्यालाही जमणार नाही.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी तुंगक्काने हाक मारली. “मॅडम, स्वल्प इकडं या.” टेबलावर तिने ते सोळा कागद क्रमाने मांडले होते. “हात फिरवा.”

“कशावर?”

“कागदांवर हो. एकेक.”

प्रत्येक कागदावर पट्टीने घासल्याच्या रेघा बोटाला लागत होत्या. एक, दोन, तीन… चौदा. पंधरावा गुळगुळीत, कोरा. सोळाव्यावर परत रेघा.

“हा कागद साच्यावर बसायच्या आधीच सोललाय,” ती म्हणाली. “उघडा पत्रा दोन्हीकडनं सारखाच काळा दिसतो. उलटा पडला असणार. मग उजवीकडं झुकायचे धागे डावीकडं झुकले. एकीकडं ओढ जास्त, एकीकडं कमी. पिळणार नाही तर काय?”

मला मोज्याला चिकटलेला पत्रा आठवला. सोडवताना कागद हातात आला होता. आठवला, आणि तरी मी म्हटलं, “तुमच्याकडून झालं असेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मोजायच्या यंत्राकडे बघायची तसं. “पंधराव्याच्या वेळी मी आईचा हात धरून दवाखान्यात होतो, मॅडम.”

मी खुर्चीत बसले. “मग सांगा जाऊन सरांना.”

“मी कशाला सांगू? सही माझी आहे. तुम्ही समितीला फक्त कारण सांगा, थर उलटा पडला म्हणून. कारणच नाही मिळालं तर म्हणतील कार्बनच वाईट, आणि काम बंद. कुणाच्या हातनं विचारलं तर मी बघून घेतो.”

“तुम्हाला काढतील इथून.”

“अँटेनावाल्यांकडं पाठवतील. दिवसभर गोंद लावत बसायचं.” ती कागद गोळा करायला लागली. “आरसा राहील ना पण.”

दुसऱ्या दिवशी मी समितीसमोर चित्रं दाखवली, कारण सांगितलं. अध्यक्ष बाहेरगावचे होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “थर कुणी लावला होता?”

मी पाण्याचा पेला उचलला. पाणी पिता पिता माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

मागे भिंतीपाशी उभी असलेली तुंगक्का पुढे आली आणि तिच्या सरळ, छोट्या इंग्रजीत म्हणाली, “सर, कार्डावर सही माझी आहे.”

अध्यक्षांनी मान हलवली, ती दोष द्यायला नव्हे. अशी माणसं आता राहिली नाहीत, अशा अर्थाची ती मान होती. शेषाद्री सरांचे डोळे चक्क भरून आले. ते उठले आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाले, “बसा तुंगक्का, बसा.”

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी खुर्ची दिली नव्हती. चूक मी केली, आणि खुर्ची तिला! कौशल्य तिचं, शब्द तिचा, मोगरा तिचा, आणि आता मोठेपणही तिचंच? मी पेला आपटून उभी राहिले. “नाही! चूक माझी आहे. पंधरावा थर मी लावला. यांनी नाही. या तर तिथे नव्हत्याच!”

इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

लोक म्हणतात, विवेक जागा झाला. मी वर्षानुवर्षं त्यांना तसं म्हणू दिलं. विवेक गाढ झोपला होता हो. जागी होती ती दुसरीच बया.

पुढचं सरळ झालं. तुंगक्काने दोन लहान तबकड्या करून दाखवल्या, एक नीट आणि एक मुद्दाम पंधरावा थर उलटा लावलेली. दुसरी अगदी तशीच पिळली. कार्बन निर्दोष सुटला. दोष ठरला तो माझा, आणि स्वच्छ खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी आली. ‘दीक्षित मॅडम पट्टीच्या अलीकडे’ असं लिहिलं नव्हतं एवढंच. चौथा आरसा तुंगक्काने एकटीने लावला. तो गरम केला, गार केला, सुकवला, सादळवला. त्याने ढिम्म आकार बदलला नाही. वर गेला.

समितीनंतर ती माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नव्हती. मला वाटलं, संकोच असेल. शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, “काय गरज होती मधे पडायची? मी पाठ करून आलो होतो. अजून चार वाक्यं होती माझी.”

मग ती निवृत्त झाली, मीही झाले. तिने व्हाइटफील्डला बहिणीजवळ घर घेतलं, आणि बेंगळुरूमध्ये जयनगर आणि व्हाइटफील्ड म्हणजे दोन वेगळे देश.

गेल्या वर्षी मी रिक्षातून इंदिरानगरला डोळे तपासायला निघाले होते. सिग्नलला शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. पुढे तिची भाची, मागे मोठ्ठं लाल हेल्मेट घातलेली, दोन्ही पाय एका बाजूला सोडलेली म्हातारी. हेल्मेटच्या आतून आवाज आला, “मॅडम! अजून आहात काय?”

“आहे की! तुम्ही?”

“दिसतंय ना!” मग ती भाचीच्या खांद्यावर थापटून ओरडली, “अगं, ह्याच त्या! मी सांगतो ना नेहमी!”

भाची वळून माझ्याकडे बघायला लागली, देवळात बघतात तसं. “आँटी, तुम्हीच का त्या? मावशी सगळ्यांना सांगते, तिची नोकरी जात होती आणि भर मीटिंगमध्ये एक मॅडम तिच्यासाठी उभ्या राहिल्या, सगळा दोष स्वतःवर घेतला म्हणून!”

मी तुंगक्काकडे पाहिलं. काचेआड तिचे डोळे हसत होते की पाणावले होते, ते माझ्या मोतीबिंदूतून दिसलं नाही. इतकी वर्षं व्हाइटफील्डच्या घराघरातून ती मॅडम फिरत होती, सरळ कण्याची, मोठ्या मनाची, कुणावर न जळणारी. मला त्या बाईचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू!

“तुंगक्का,” मी रिक्षातून अर्धी बाहेर येत म्हटलं, “ते तुमच्यासाठी नव्हतं हो! मला तुमची ती खुर्ची…”

सिग्नल सुटला. मागच्या बसने भोंगा वाजवला. तिने कानाशी हात नेला, हेल्मेट मधे आलं, आणि ‘ऐकू येत नाही’ अशी मान हलवली. स्कूटर दोन गाड्यांच्या फटीतून सुळकन पुढे निघाली. आमच्यापुढे एक टेम्पो आडवा आला. रिक्षावाला म्हणाला, “स्वल्प थांबा अम्मा, काय घाई?” मी वाकून बघत राहिले. लांब, बसच्या पलीकडे, ते लाल हेल्मेट एकदा वळलं, आणि तिने हात हलवला.